अजिंठ्याचा कित्ता : चित्रकार पेस्तनजी बोमनजी

अक्षर वळणदार व्हावे म्हणून शाळेत मुलांना कित्ता गिरवावा लागतो. वरच्या ओळीतील सुबक अक्षराकडे पाहत खालच्या ओळी भरत जाण्याचे ते काम प्रथम कंटाळवाणे वाटते. पण कित्ता गिरवता गिरवता बोटांना वळण लागते, आणि एके दिवशी तोच मुलगा कित्त्याकडे न पाहता आपल्या मनातील मजकूर आपल्या अक्षरात लिहू लागतो. गाणे शिकणारा शिष्य गुरूच्या गळ्यातील पलटा शेकडो वेळा घोकतो, तोही असाच कित्ता होय. मात्र ज्याचा कित्ता गिरवायचा ते अक्षर उत्तम हवे, आणि केव्हातरी तो बाजूला ठेवण्याचे धैर्यही हवे. मुंबईचे चित्रकार पेस्तनजी बोमनजी यांना लाभलेला कित्ता कागदावरचा नव्हता. तो सह्याद्रीच्या एका कड्यात, काळोख्या लेण्यांच्या भिंतींवर, सुमारे चौदाशे वर्षांपूर्वी लिहून ठेवलेला होता.

पेस्तनजींचा जन्म १८५१ साली मुंबईत एका पारशी कुटुंबात झाला. ते मुंबईच्या घडणीचे दिवस होते. १८५३ साली बोरीबंदर ते ठाणे ही आगगाडी धावली, १८५७ साली मुंबई विद्यापीठ स्थापन झाले आणि त्याच वर्षी सर जमशेटजी जीजीभाई यांच्या उदार देणगीतून चित्रकला व इतर कला शिकवणारी शाळा सुरू झाली. आज आपण तिला जे. जे. स्कूल ऑफ आर्ट या नावाने ओळखतो. १८६४ साली, अवघ्या तेराव्या वर्षी, पेस्तनजी या शाळेत दाखल झाले. ज्या वयात इतर मुले पाटी-पुस्तक घेऊन अंकगणिताशी झगडतात, त्या वयात या मुलाच्या हाती कोळशाची कांडी आणि माती आली.

१८६५ साली इंग्लंडहून दोन शिक्षक या शाळेत आले. एक जॉन लॉकवुड किपलिंग. ते मूर्तिकला शिकवीत. पुढे जगप्रसिद्ध झालेले लेखक रुड्यार्ड किपलिंग हे त्यांचे पुत्र. त्यांचा जन्म मुंबईतच झाला. दुसरे जॉन ग्रिफिथ्स. ते चित्रकला व भित्तिचित्रणाची सजावट शिकवीत. पेस्तनजींचा ओढा प्रथम मूर्तिकलेकडे होता. माती थापून तिच्यातून अंगांगांचे उठाव काढणे त्यांना आवडे. परंतु पुढे ग्रिफिथ्स यांच्या मार्गदर्शनाखाली ते चित्रकलेकडे वळले. मातीत काम केलेल्या हाताला गोलाई समजते, आणि गोलाई समजलेल्या हाताला छायाप्रकाश समजायला वेळ लागत नाही. मूर्तिकलेत घालवलेले ते दिवस वाया गेले नाहीत.

त्या काळच्या शाळेत शिक्षणाची पद्धत युरोपातून आणलेली होती. ग्रीक व रोमन मूर्तींच्या प्लॅस्टरच्या प्रतिकृती समोर ठेवून विद्यार्थ्यांनी त्यांची रेखाटने करावयाची, असा परिपाठ होता. ज्या देवदेवतांची नावेही मुलांनी कधी ऐकली नव्हती, त्यांची नाके, ओठ आणि वस्त्रांच्या चुण्या ती मुले दिवसचे दिवस गिरवीत. हात तयार होई, यात शंका नाही. पण आपल्या भूमीतही चित्रकलेची थोर परंपरा होऊन गेली आहे, याची जाणीव त्या वर्गखोलीत फार थोड्यांना होती.

तैलरंगाचे माध्यमही तसे परकेच होते. आपल्याकडील पोथ्यांतील लघुचित्रे गोंदात कालवलेल्या रंगांनी रंगवलेली असत. तैलरंगात रंगाची बारीक पूड जवसाच्या तेलात घोटतात आणि तो रंग ताणून बसवलेल्या कापडावर लावतात. हा रंग सावकाश सुकतो. त्यामुळे एका छटेतून दुसऱ्या छटेत अलगद उतरता येते, चूक झाल्यास पुसता येते, एकावर एक पातळ थर देऊन खोली आणता येते. मात्र हेच माध्यम अधीर माणसाची परीक्षा पाहते. खालचा थर सुकण्याआधी वरचा थर घाईने दिला, तर रंग मळतो आणि कालांतराने चित्राला तडे जातात. पेस्तनजींना हे परके माध्यम आत्मसात करावयाचे होते, आणि ते शिकण्यासाठी त्यांना मिळाली ती आपल्याच देशातील सर्वांत प्राचीन चित्रशाळांपैकी एक.

ती चित्रशाळा म्हणजे अजिंठा. आज छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यात असलेला हा प्रदेश त्या वेळी निजामाच्या राज्यात होता. वाघोरा नदी जेथे घोड्याच्या नालेसारखे वळण घेते, तेथील उभ्या कड्यात सुमारे तीस लेणी कोरलेली आहेत. त्यांतील काही इसवी सनापूर्वीची, तर बरीचशी इसवी सनाच्या पाचव्या शतकातील आहेत. महाडजवळची गांधारपाल्याची लेणी ज्यांनी पाहिली असतील, त्यांना कातळात खोदलेले विहार, ओळीने असलेल्या भिक्षूंच्या खोल्या आणि गाभाऱ्यातील गारवा यांची कल्पना सहज येईल. परंतु तेथील भिंती आज उघड्या दगडाच्या आहेत. त्या भिंतींवर राजवाडे, अरण्ये, हत्तींचे कळप, नगरांतील मिरवणुका आणि बुद्धाच्या पूर्वजन्मींच्या जातककथा रंगांनी उमटल्या आहेत, अशी कल्पना करावी, म्हणजे अजिंठ्याचे रूप मनापुढे उभे राहील.

ही चित्रे काढणाऱ्या कलावंतांनी आपली नावे मागे ठेवली नाहीत. त्यांनी खडबडीत कातळावर माती, भाताचा तूस, गवताचे तंतू व शेण यांचा गिलावा चढवला, त्यावर चुन्याचा पातळ हात दिला, आणि त्या गुळगुळीत भूमीवर चित्रे रेखाटली. गेरूचा तांबडा, पिवळ्या मातीचा पिवळा, हिरव्या दगडाचा हिरवा, काजळीचा काळा आणि दूरदेशाहून येणाऱ्या लाजवर्दाचा निळा, एवढ्या मोजक्या रंगांत त्यांनी सगळे जग सामावले. पुढे भिक्षूंची वस्ती उठली, रान वाढले आणि लेणी विस्मृतीत गेली. १८१९ साली जॉन स्मिथ नावाचा इंग्रज लष्करी अधिकारी शिकारीसाठी त्या बाजूस गेला असता त्याच्या दृष्टीस ती पडली, आणि बाहेरच्या जगाला अजिंठा पुन्हा ठाऊक झाला.

चित्रे उजेडात आली, पण त्यांच्यावरचे संकट टळले नाही. ओल, वटवाघळे, आत शिरणाऱ्या माणसांच्या चुलींचा धूर आणि आठवण म्हणून रंगीत तुकडे खरवडून नेणारे हौशी प्रवासी यांमुळे त्यांचा नाश होत होता. तेव्हा त्यांच्या नकला करून ठेवाव्यात असा विचार पुढे आला. १८४४ साली मद्रासच्या सैन्यातील अधिकारी रॉबर्ट गिल यांची या कामावर नेमणूक झाली. त्यांनी जवळजवळ वीस वर्षे अजिंठ्यात राहून मोठमोठ्या कापडांवर तैलरंगात नकला केल्या. त्या लंडनमधील क्रिस्टल पॅलेस या प्रदर्शनगृहात मांडल्या गेल्या, आणि १८६६ साली तेथे लागलेल्या आगीत बोटांवर मोजण्याइतक्या वगळता सर्व जळून गेल्या. एका माणसाचे अर्धे आयुष्य एका रात्रीत राख झाले.

हे काम पुन्हा पहिल्यापासून करणे भाग होते. १८७२ साली मुंबई सरकारने ते ग्रिफिथ्स यांच्यावर सोपवले. त्यांनी परदेशातील कसबी चित्रकार बोलावले नाहीत. त्यांनी आपल्या शाळेतील निवडक विद्यार्थी बरोबर घेतले. भारतीय विद्यार्थ्यांना ग्रीक पुतळ्यांपेक्षा अजिंठ्याच्या चित्रांपासून अधिक शिकता येईल, असे त्यांचे मत बनले होते. अशा रीतीने एक सरकारी काम ही एक शाळाच झाली. तिच्या पहिल्या विद्यार्थ्यांत एकवीस वर्षांचे पेस्तनजी होते.

आता त्या शाळेचे स्वरूप पाहू. मुंबईच्या वर्गात भरपूर उजेड होता, टेबल-खुर्च्या होत्या, घर जवळ होते. येथे चारी बाजूंस रान, कड्यावर मधमाश्यांची पोळी आणि आत काळोख. लेण्याच्या दारातून येणारा सूर्यप्रकाश मागच्या भिंतींपर्यंत फार थोडा वेळ पोचतो. त्या क्षीण उजेडात डोळे स्थिर झाल्याशिवाय भिंतीवर काय आहे हेही उमगत नाही. प्रथम काजळी आणि डाग दिसतात. मग एखादा हात, एखादे कमळ, झुकलेल्या पापण्या. आणि पुष्कळ वेळाने त्या धुरकट पडद्याआडून सबंध आकृती सामोरी येते. पाहणे हे नुसते डोळे उघडे ठेवण्याचे काम नव्हे, त्यालाही मेहनत लागते, हा पेस्तनजींच्या शिक्षणातील पहिला धडा होता.

दुसरा धडा मापाचा. मूळ आकृती जेवढी, तेवढीच ती कापडावर उतरवावयाची. काही कापडे तर वीस फूट लांब होती. एखाद्या बोटाची वळणे चुकली तर हाताचा भाव बदले, आणि हाताचा भाव बदलला तर कथेचा अर्थ बदले. अजिंठ्याच्या चित्रकारांनी मुखाइतकेच हातांकडून बोलवून घेतले आहे. कोणी दान देत आहे, कोणी विनवीत आहे, कोणी नाकारीत आहे, हे नुसत्या बोटांवरून कळते. नकल करणाऱ्याला अशा रेषेवरून घाईने पुढे सरकता येत नाही. एखादी वाट घोड्यावरून दौडत जाणाऱ्याला जेवढी कळते, त्याहून ती पायी चालणाऱ्याला अधिक कळते, तसेच हे.

तिसरा धडा विनयाचा. जेथे मूळ चित्राचा पापुद्रा गळून पडला होता, तेथे आपल्या कल्पनेने भर घालण्याचा मोह कोणाही तरुण चित्रकाराला व्हावा. परंतु खरी नकल तशी होत नाही. जेथे राणीचा अर्धा चेहरा नाहीसा झाला आहे, तेथे कापडावरही तो अर्धाच राहिला पाहिजे. आपले कौशल्य लपवून दुसऱ्याचे कौशल्य जसेच्या तसे समोर ठेवणे ही कलावंताची मोठीच कसोटी असते.

पहिल्या लेण्यातील हाती नीलकमळ धरलेला पद्मपाणी बोधिसत्त्व, सतराव्या लेण्यातील जातककथा, छतांवरील फळाफुलांचे आणि पशुपक्ष्यांचे शेकडो चौकोन, हे सारे या मंडळींच्या कापडांवर उतरत होते. सोळाव्या लेण्यात एक राजस्त्री दुःखाने मूर्च्छित झालेली दाखवली आहे. तिची मान ढळली आहे, हातातील बळ गेले आहे, आणि भोवतालच्या दासींच्या डोळ्यांत चिंता दाटली आहे. भावदर्शनात हे चित्र जगातील कोणत्याही थोर चित्रापेक्षा उणे नाही, असा अभिप्राय ग्रिफिथ्स यांनी दिला. ज्या गुरूने आजवर युरोपातील आदर्श शिकवले, त्यानेच भारतीय भिंतीपुढे मान लववावी, हे पाहणाऱ्या शिष्यांना काय वाटले असेल, याची कल्पना करता येते.

माध्यमांचा विरोधही त्यांना रोज जाणवत असला पाहिजे. भिंतीवरचे रंग मातीचे, शांत, न चमकणारे. तर तैलरंगाला तेलाची झळाळी. मातीच्या रंगाची ती शांतता तेलात आणावयाची, तर रंग किती मिसळावा, किती पातळ करावा, कोणती छटा आधी द्यावी, याचा क्षणोक्षणी विचार करावा लागतो. सुलभ प्रसंगी माध्यम जे शिकवत नाही, ते अवघड प्रसंगी शिकवते. दहा वर्षांहून अधिक काळ अशा विचारात गेल्यावर तैलरंगाचे मर्म पेस्तनजींच्या हाती आले नसते तरच नवल.

याच काळात त्यांना आणखी एक गुरू भेटला. १ जानेवारी १८७७ रोजी दिल्लीत भरलेल्या दरबाराचे चित्र काढण्यासाठी व्हॅलेंटाइन प्रिन्सेप हे इंग्रज चित्रकार भारतात आले होते. व्यक्तिचित्र तैलरंगात कसे रंगवावे, याचे धडे पेस्तनजींनी त्यांच्याकडून घेतले. समोर बसलेल्या जिवंत माणसाच्या कातडीवर उजेड कसा खेळतो, काळ्या पार्श्वभूमीतून चेहरा कसा उमलतो, हे लेण्याच्या भिंतीवर शिकण्यासारखे नव्हते. एका गुरूकडून रेषा, दुसऱ्याकडून प्रकाश, असा त्यांचा अभ्यास दोन्ही अंगांनी पुरा झाला.

१८८५ साली नकलांचे काम संपले. तेरा वर्षांत सुमारे ३०० चित्रे तयार झाली होती. ती वेळोवेळी लंडनला पाठवली जात होती. पण दैवाने येथेही पाठ सोडली नाही. त्याच वर्षी लंडनमधील साउथ केन्सिंग्टनच्या संग्रहालयाच्या भांडारात आग लागली आणि शंभरावर चित्रे भस्मसात झाली. वीस वर्षांत दोन वेळा अजिंठ्याच्या नकला जळाल्या. जी उरली, त्यांतील बहुतेक आजही लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहेत. मूळ भिंतींवरील जो भाग पुढे झिजून गेला, तो पाहावयाचा असल्यास अभ्यासकांना आज या नकलांकडेच वळावे लागते.

या कथेची आणखी एक बाजू सांगितली नाही तर ती अपुरी राहील. मंद झालेले रंग उठून दिसावेत म्हणून नकला करताना मूळ भित्तिचित्रांवर व्हार्निशचा हात दिला गेला. त्या क्षणी रंग उजळले. नकल करणे सोपे झाले. पण काही वर्षांनी ते व्हार्निश पिवळे पडले, त्यावर धूळ बसली, आणि ते आक्रसताना काही ठिकाणी खालचा रंगही सुटू लागला. पुढे १९२० नंतर निजाम सरकारने इटलीहून तज्ज्ञ बोलावून चित्रांची दुरुस्ती करवली. त्यांनी वापरलेला लाखेचा लेपही कालांतराने काळवंडला. हे थर हळुवारपणे उतरवण्याचे काम भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या रसायनज्ञांना पुढे कित्येक वर्षे करावे लागले. जी भिंत जपण्यासाठी हे सारे चालले होते, तिलाच त्यातून इजा झाली. हेतू चांगला असला म्हणजे कृती निर्दोष असतेच असे नाही. प्राचीन वस्तूला हात लावण्यापूर्वी फार सावध असावे लागते, हे ज्ञान जगाला अशा अनुभवांतूनच झाले.

नकला जळाल्या, भिंतींनाही डाग लागला. मग या तेरा वर्षांतून उरले काय? उरला तो शिकलेला हात आणि शिकलेली नजर. अजिंठ्यातून बाहेर पडलेले पेस्तनजी पुढे आयुष्यभर अजिंठ्याच्या आकृतीच काढीत बसले असते, तर त्यांचे नाव चांगल्या नकलकाराच्या नावापलीकडे गेले नसते. परंतु त्यांनी कित्ता मिटला आणि आपल्या अक्षरात लिहावयास आरंभ केला. त्यांनी राजवाडे आणि जातककथा सोडून मुंबईतील पारशी घरांकडे पाहिले. पूजाअर्चा करणारे धर्मगुरू, घरातील वृद्ध माणसे, साडीचा पदर डोक्यावर घेतलेल्या स्त्रिया, हे त्यांच्या चित्रांचे विषय झाले. फीडिंग द पॅरट या त्यांच्या प्रसिद्ध चित्रात एक पारशी स्त्री पोपटाला खाऊ घालताना दाखवली आहे. त्यात राजा नाही, युद्ध नाही, कोणताही मोठा प्रसंग नाही. पण वस्त्राचा पोत, अंगावर उतरलेला मृदू उजेड आणि रोजच्या जीवनातील निवांतपणा यांमुळे ते चित्र पाहणाऱ्याला थांबवून धरते.

या चित्रांची शैली युरोपीय पद्धतीची आहे. तरी तीत दिसणारा संयम काळोख्या लेण्यांतून आलेला आहे, असे म्हटल्यास वावगे होणार नाही. ज्या चित्रकाराने धुरकटलेल्या भिंतीवर तासन् तास एका हाताचा अर्थ शोधला, त्याला आपल्या घरच्या माणसाचा साधा हातही सामान्य वाटत नाही. १८८८ साली मुंबईत बॉम्बे आर्ट सोसायटी स्थापन झाली आणि चित्रकारांना दरवर्षी आपले काम लोकांपुढे ठेवण्याची सोय झाली. पाश्चात्त्य पद्धतीच्या तैलचित्रणात भारतीय चित्रकारही मागे नाहीत, हे ज्यांनी त्या काळी दाखवून दिले, त्यांत पेस्तनजींची गणना होते.

ग्रिफिथ्स यांनी अजिंठ्यावरील आपला ग्रंथ १८९६–९७ साली दोन मोठ्या खंडांत लंडन येथे प्रसिद्ध केला. शिष्यांच्या श्रमाचे फळ त्या पानांतून जगभर गेले. त्यानंतर १९०९ ते १९११ या काळात लेडी हेरिंगहॅम यांच्याबरोबर बंगालचे नंदलाल बोस व त्यांचे सहकारी नकला करण्यासाठी अजिंठ्यास आले. पुढे साताऱ्याकडील औंध संस्थानचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनीही चित्रकारांचा ताफा तेथे नेला. अशा रीतीने एकामागून एक पिढ्यांनी तोच कित्ता गिरवला, आणि प्रत्येक पिढी आपापले वेगळे अक्षर घेऊन परतली.

पेस्तनजींना दीर्घ आयुष्य लाभले. १९३८ साली, वयाच्या सत्त्याऐंशीव्या वर्षी, त्यांचे निधन झाले. त्यांच्या डोळ्यांदेखत बंदराचे शहर महानगर झाले, कलाशाळेला १८७८ साली स्वतःची दगडी इमारत मिळाली, आणि चित्रकलेत नवे वारे वाहू लागले.

अजिंठ्याच्या अनाम चित्रकारांनी भिंती रंगवल्या तेव्हा आपल्यापासून कोणी शिकेल, हा विचार त्यांच्या मनात नसेल. तरीही चौदा शतकांनी मुंबईचा एक पारशी तरुण, हाती परक्या देशाचे रंग घेऊन, एका इंग्रज गुरूबरोबर, बौद्ध भिक्षूंच्या भिंतीसमोर उभा राहिला आणि शिकला. विद्येला धर्म, देश आणि काळ यांच्या भिंती अडवीत नाहीत. जे उत्तम आहे त्याच्यापुढे नम्रपणे बसावे, ते मन लावून गिरवावे, गिरवताना त्याला धक्का लागू देऊ नये, आणि हात तयार झाला म्हणजे आपले अक्षर आपण लिहावे. पेस्तनजी बोमनजी यांचे जीवन आपल्याला हेच सांगते.